दरड नव्हे, घसरण

माझ्या मत्सरामुळे एका विद्वान मित्राचे व्याख्यान फसले, असे पनवेलमध्ये माझ्या वयाची माणसे अजून सांगतात. त्यांपैकी निम्मी त्या सभेला नव्हती, आणि जी होती त्यांना गणित येत नव्हते. म्हणून हे लिहितो.

साठच्या दशकाचा आरंभ होता. मी शाळेत गणित शिकवीत असे. मित्र बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला ज्यू; बंदरात अभियंता होता. कुटुंबासह इस्रायलला निघाला होता. जाण्यापूर्वी त्याला आमच्या रविवारच्या अभ्यासमंडळात एक निबंध वाचायचा होता : समुद्रतळावरचा उतार ढासळला तर खाडीत लाट किती चढेल. तो आकडा सांगेन, असे त्याने गावाला कबूलही केले होते. त्याच्या लहानपणी एकदा खाडीचे पाणी अवेळी ओसरले आणि मग चढले, हे वडिलांकडून ऐकल्यापासून त्याला हा ध्यास होता.

निबंधाचे नाव होते ‘समुद्रातील दरड’. सगळी चूक त्या नावात होती. घाटात दरड वरून कोसळते. म्हणून समीकरणातही त्याने ठोकळा वरून पाण्यात टाकला होता. त्यामुळे त्याच्या गणितात किनाऱ्यावर पाणी आधी चढत होते. वडिलांच्या सांगण्यात ते आधी ओसरले होते. सभेच्या चार दिवस आधी मी हे दाखवले.

“मास्तर, नाव बदलून समीकरण बदलतं होय?” तो हसत म्हणाला. “लग्नात बायकोचं नाव बदललंस, म्हणून तिचं वजन बदललं का?”

“दरड वरून येते. हा गाळ आधीपासूनच पाण्यात आहे. घसरून त्याने जास्तीची जागा कुठली अडवली?”

त्याने कागदावर उताराची आकृती काढली. मग म्हणाला, “म्हणजे पुढे जितकं उचललं, तितकंच मागे खचलं. बेरीज शून्य.”

उताराची मागची बाजू किनाऱ्याकडची, म्हणून मागे खचलेले पाणी म्हणजेच किनाऱ्यावरची ओहोटी. वडील बरोबर होते. परंतु लाटेची उंची काढण्यासाठी लॉगच्या कोष्टकांवरून केलेली कित्येक महिन्यांची आकडेमोड पुन्हा करावी लागणार होती, आणि बोट थांबणार नव्हती. जुना आकडाच वाच, कोणाला कळणार आहे, असे त्याच्या मेहुण्याने सुचवले. मी नको म्हणालो, हाच माझा मत्सर.

सभेत त्याने फळ्यावर जुने समीकरण लिहिले, खोडले, आणि नवे लिहिले. एका वकिलांनी विचारले, “ते असू द्या. पाणी किती चढणार?”

“आज सांगता येत नाही,” तो म्हणाला.

लोक कुजबुजत उठून गेले. तो माझ्यावर रागावून देश सोडून गेला, हेही खोटे आहे. निघताना त्याने ती कोष्टके मला दिली. चुकीचा आकडा ऐकून गाव समाधानाने घरी गेले असते आणि माझ्यावर ठपका आला नसता, हे मी जाणतो. तो ठपका मला मान्य आहे. मत्सर हा शब्द मात्र मान्य नाही.