संमतीपत्रावरची सही

सन एकोणीसशे चौसष्ट. मी त्रेचाळीस वर्षांचा होतो. माझी शाळा तिसरीत सुटली ती सुटलीच. कानडी मुलखातल्या चिकपेट बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं शिवणाचं दुकान, आजोबांपासूनचं. दारावर नाव लिहिलेलं नव्हतं. लागतही नव्हतं.

आम्हाला एकच मुलगी, तेव्हा आठ वर्षांची. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, म्हणून बोलताही येत नव्हतं. इथे दोन शाळांत घालून पाहिली. एकीत मागच्या बाकावर नुसती बसवून ठेवत. दुसरीने सहा महिन्यांत घरी पाठवली. बायकोचा भाऊ इंग्लंडमध्ये इंजिनिअर होता. त्याने कळवलं की त्याच्या गावात अशा मुलांची शाळा आहे, ओठ बघून बोलायला शिकवतात. जागा मिळाली होती, पण सप्टेंबरपर्यंतच राखून ठेवणार होते. मुलीबरोबर आईने जायचं आणि शिक्षण होईपर्यंत, म्हणजे सात-आठ वर्षं, तिथेच राहायचं.

मलाही बोलावलं होतं. मी नको म्हटलं. मेहुण्याच्या घरात राहून त्याचं अन्न खाणं मला जमणारं नव्हतं. आज विचारलं तरी हेच सांगेन.

कागद पुष्कळ लागले. मेहुण्याचं हमीपत्र, शाळेचं पत्र, देवीच्या लशीचा दाखला, दोघींचे फोटो. पोलीस घरी येऊन शेजारपाजाऱ्यांना विचारून गेला. बायको सातवी झालेली, हे सगळं तीच बघायची. कागद बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची आणि डबा देवाच्या फडताळात. माझं काम एकच होतं. बापाची हरकत नाही, असं संमतीपत्र तीन प्रतींत टाइप केलेलं होतं, त्यावर मॅजिस्ट्रेटसमोर सही करायची.

मी सही केली. दीड महिन्याने कागद मद्रासच्या पासपोर्ट कचेरीतून परत आले. तिन्ही सह्या एकसारख्या नाहीत, असा शेरा होता.

माझी सही मोडीत. मला लिहिता येत होतं ते तेवढंच. शाळा सुटल्यावर वडिलांनी शिकवलं, कापड बेतायच्या फळीवर, शिंप्याच्या खडूने. रोज सकाळी दुकान उघडलं की आधी सही गिरवायची, पुसायची, मग कामाला बसायचं. शाळेने सोडलं म्हणून माझा मुलगा अंगठेबहाद्दर होणार नाही, असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे. मी ऐकत असायचो. पण खडूची सही ती. कधी लांब व्हायची, कधी आखडायची. चिकपेटच्या व्यापाऱ्यांना चालायची. तीस वर्षं चालली होती.

मॅजिस्ट्रेटच्या कचेरीतला कारकून कन्नड माणूस, वयाने माझ्याएवढाच. वाईट नव्हता. म्हणाला, स्वल्प बसा अण्णा, सोपं आहे, अंगठा लावा, अंगठा कधी बदलत नाही. मी म्हटलं, मला सही येते. तो म्हणाला, सरी, ठीक आहे, मग कन्नडमध्ये करा, नाहीतर इंग्रजीत. कन्नड मला वाचता येत होतं, लिहिता येत नव्हतं. मराठीचं सरळ लिहिणंसुद्धा मी पुढे शिकलो, इंग्लंडला पत्र घालायचं म्हणून. मी कागद उचलले आणि घरी आलो.

मग दुकानात रोज फळीवर सह्या काढून बघायला लागलो. तीन सारख्या यायच्या, चौथी बिघडायची. मुलगी समोर बसून बघायची. तिला ते चित्र वाटायचं. फळी भरली की फडक्याने पुसून द्यायची आणि खडू माझ्या हातात द्यायची. जून असाच गेला. बायकोने दोनदा विचारलं, मी म्हटलं बघतो. मेहुण्याचं पत्र आलं, कागद कुठे अडलेत म्हणून. ते तिने मला वाचून दाखवलं नाही, डब्यात ठेवून दिलं.

जुलैत एके दिवशी दुपारी बायको जेवणाचा डबा घेऊन दुकानात आली. एरवी दारातूनच डबा देऊन जायची. त्या दिवशी आत आली आणि फळीवरच्या सह्या बघत उभी राहिली.

म्हणाली, "अहो, एवढ्या सह्या तर लग्नात माझ्या बापानेही मागितल्या नव्हत्या."

मी हसलो नाही. तीही हसली नाही.

"अंगठा नको आहे, की आम्ही जायला नको आहोत? एकदा सांगून टाका. मी कागदांचा डबा बंद करून ठेवते, परत विचारायची नाही."

मी जेवायला बसलो. भात होता, हुळी म्हणजे कानडी आंबट वरण होतं. जेवण झालं, हात धुतला, तरी ती उभीच होती. अंगठा नको होता हे खरं होतं. दुसरंही खरं होतं, पण ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

"उद्या जाऊ," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिघंही गेलो. कारकुनाने काही विचारलं नाही. माझा डावा अंगठा स्वतःच्या हातात धरला, शाईच्या गादीवर फिरवला आणि एकेका कागदावर टेकवला. तीन वेळा. मला वाटलं होतं काहीतरी होईल. काही झालं नाही. हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा बघत होतो. मुलीने आपलाही अंगठा पुढे केला. कारकुनाने तोही शाईत बुडवून टिपकागदावर उमटवून दिला. ती खूश झाली. बायकोने पदराने तिचा अंगठा पुसला. माझा मी धोतराला पुसला. शाई पुरती गेली नाही.

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, हे कागद आता परत येणार नाहीत. मी म्हटलं, नाही येणार. घरापर्यंत चालत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुढच्या बाजारातून जाड लोकरीचं कापड आणलं, निळं. दुकान उघडलं, फळी ओल्या फडक्याने पुसली आणि मुलीला समोर उभं करून कोटाची मापं घेतली. शिवणीत आणि काठाला कापड दुमडून ठेवलं की कोट दोन वर्षं वाढवता येतो. त्याहून जास्त, सात-आठ वर्षांचं, ठेवलं तर कोट लोंबतो, मूल त्यात हरवल्यासारखं दिसतं. मी दोन वर्षांचं ठेवलं. खडूने रेघा मारल्या आणि कात्री लावली.