जोगळेकरांच्या अंगणातला ट्रेलर

जोगळेकर माफी आधी मागत आणि काम नंतर करत. मी त्यांच्या अंगणात ड्रिल घेऊन पहिल्यांदा पोहोचलो, त्या रविवारी त्यांनी मला प्लगसुद्धा लावू दिला नाही. हातात गोड पदार्थांचे खोके दिले आणि गल्लीतल्या एकेका दारात नेऊन उभं केलं. "आमच्याकडे काही दिवस आवाज होईल, कृपया क्षमा असावी," असं ते प्रत्येक दारात कमरेत वाकून म्हणत होते आणि मी मागे उभा राहून वाकायचा प्रयत्न करत होतो. मी विचारलं, "अहो, अजून आवाज झालाच नाही, तर माफी कसली?"

"आवाजाआधी गोड द्यायचं, माने-सान. नंतर दिलं तर ती लाच दिसते."

असं बोलणारा माणूस मला आवडला नसता तरच नवल. मी मिरजेचा. भारतीय हॉटेलात आचारी म्हणून जपानात आलो, हॉटेलच्या माळ्यावर चौघांत एका खोलीत झोपलो, आणि भांडत-भांडत निशी-कसाई या वस्तीत स्वतःचं किराणा दुकान उभं केलं. माझा स्वभाव तिखट आहे, तो मी कुणापासून लपवत नाही. डाळीच्या व्यापाऱ्यापासून ते फ्रीज दुरुस्त करणाऱ्यापर्यंत मी सगळ्यांशी घासाघीस करतो. जोगळेकर याच्या बरोबर उलट. पुण्याहून कावासाकी शहरातल्या एका कंपनीत इंजिनियर म्हणून आले आणि इथलेच होऊन निवृत्त झाले. चिबामध्ये समुद्राच्या बाजूला जुनं घर घेतलं. दुकानात आले की मी सवयीने भाव कमी करायचो, तर ते चिठ्ठीवर छापलेलाच भाव पुढे ठेवायचे. "हे जे छापलंय ते खोटं आहे का?" असं विचारायचे. मी मुकाट्याने पूर्ण पैसे मोजून घ्यायचो.

ट्रेलर मला कावासाकीला जुन्या गाड्यांच्या एका यार्डात दिसला. चारी बाजूंनी बंद, मागे मोठं दार असलेली पत्र्याची पेटी. कुणीतरी त्यातून शर्यतीच्या मोटरसायकली न्यायचा, आत तेलाचा वास भरून राहिला होता. मी दार उघडून आत उभा राहिलो आणि मला तिथेच पलंग दिसला, ओटा दिसला, खिडकी दिसली. या देशात इतकी वर्षं राहून मी हॉटेल, बाजार आणि दुकान याखेरीज काही पाहिलं नव्हतं. भाड्याची खोली शोधायला गेलो की एजंट अदबीने सांगायचा, मालकांना परदेशी माणूस नको आहे. या पेटीला मालक मीच असणार होतो. गाडीमागे जोडायची, दुकानाला सुट्टी द्यायची आणि समुद्र दिसेल तिथे थांबून स्वतःच्या ओट्यावर भात लावायचा. एवढंच हवं होतं. हसू येईल इतकं थोडं.

अडचण एकच होती. इथे गाडी किंवा ट्रेलर घ्यायचा तर तो कुठे उभा करणार ती जागा आधी पोलिसांना दाखवावी लागते, आणि ती जागा गाडीमालकाच्या घराजवळच हवी. निशी-कसाईत माझी खोली दुकानाच्या वर. तिथे सायकल उभी करायलाही भांडावं लागतं. जोगळेकरांचं अंगण मोठं होतं. मी विचारलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "बघायला हवं," म्हणाले. मी म्हटलं, "बघायचं काय त्यात? तुमच्या नावावर घेऊ, तुमच्या अंगणात ठेवू, तुमच्या गाडीला जोडू. पैसे आणि मेहनत माझी." ते हसले. त्यांच्या पत्नी, शैलावहिनी, म्हणाल्या, "भाऊजी, आधी जेवा." मी त्याला होकार समजलो. कोणीही समजला असता.

मग रविवार ठरून गेले. मी पहिल्या गाडीने चिबाला जायचो. आतला सडका प्लायवूड उचकटला, भिंतीत थर्माकोलचे जाड तक्ते बसवले, पत्रा कापून खिडकी केली, छताला हवा जायला झरोका ठेवला. एका मर्यादेबाहेर वजन गेलं तर साध्या परवान्यावर ट्रेलर ओढता येत नाही, त्यामुळे प्रत्येक फळी तोलून घ्यायची. मी जाड लाकूड आणलं की जोगळेकर ते हातात घेऊन वर-खाली करत. "हे सुंदर आहे. पण यात आपण जायचंय की फक्त लाकूड जाणारे?" चपला मात्र दाराबाहेर. आत नुसता उघडा पत्रा होता तेव्हापासून त्यांनी हा नियम लावला. "घर म्हणायचंय ना त्याला? मग आजपासून म्हणा." मी शिव्या घालत बूट काढायचो. काम संपलं की ते झाडू घेऊन भुसा गोळा करत. स्वतःच्या दारापुढचा, मग डावीकडच्या घरापुढचा, मग उजवीकडच्या. भुसा तिथे गेलेलाही नसायचा.

मी म्हणायचो, "अहो, हे काय, रस्ता तुमच्या बापाचा आहे का?"

"नाही ना. म्हणून तर झाडतो."

खरं सांगतो, या देशात मला तेवढा एकच माणूस मिळाला होता ज्याच्या घरी मी पाय पसरून बसत होतो. वहिनी पिठलं करायच्या, भाकरी जमत नसे म्हणून पोळ्या. जेवता जेवता मी सांगायचो, आधी इझूच्या किनाऱ्याला जाऊ, मग उत्तरेला. जोगळेकर मान डोलवायचे. म्हणायचे, "छान आहे ते सगळं. पण गॅसचं जरा जपून." किंवा, "लोकांच्या पार्किंगमध्ये स्वयंपाक केलेला इथे चालत नाही बरं." मी म्हणायचो, चालवून घेऊ. ते पुन्हा मान डोलवायचे.

पलंग बसला, ओटा बसला, पाण्याची टाकी आणि नळ बसला. मालवाहू पेटीची राहण्याची गाडी झाली हे सरकारी तपासणीत दाखवायचं, एवढं उरलं होतं. त्याच्या आदल्या रविवारी ओनो-सान आले. वस्तीच्या मंडळाचे ते प्रमुख, वयस्कर, नेहमी टोपी घालणारे. हातात मिठाईचं खोकं होतं. फाटकाशीच उभं राहून ते जोगळेकरांशी बोलले. माझं जपानी स्वयंपाकघरातलं, पण मला कळलं: शेजाऱ्यांना थोडी काळजी वाटते, त्या पेटीत कोण राहणार, आगीचं काय. दोघे एकमेकांना वाकून नमस्कार करत राहिले. ओनो-सान गेल्यावर जोगळेकर माझ्याकडे न बघता म्हणाले, "वस्तीतून तक्रार आहे, माने-सान. आता नाही जमायचं. ट्रेलर हलवावा लागेल."

"हलवून नेऊ कुठे? कागद तुमच्या नावावर, जागा तुमची."

"विकून टाकू."

मी ऐकणारा नव्हतो. तक्रार म्हणजे माझ्या हिशेबी सौद्याची सुरुवात. फक्त दुपारी काम करू, ताडपत्री टाकू, गॅस काढून विजेची शेगडी बसवू. जोगळेकर प्रत्येक गोष्टीला "कठीण आहे" म्हणत राहिले. तेव्हा मी ठरवलं की दारोदार मीच जाईन.

दोन दिवसांनी दुकान बंद ठेवून, आंब्यांची पेटी घेऊन मी ओनो-सानच्या घरी गेलो. दारातल्या ओट्यावर गुडघे टेकून म्हटलं, कुणाची तक्रार आहे ते घर दाखवा, मी प्रत्येक दारात डोकं टेकवून माफी मागतो, हवं तर ट्रेलर आतून दाखवतो. ओनो-साननी दातांतून श्वास आत ओढला, इथली माणसं अवघडली की ओढतात तसा. चहा मागवला. मी उठून निघालोच, समोरच्या घरापासून सुरुवात करणार होतो, तेव्हा त्यांनी माझी बाही धरली. त्या वयाच्या माणसाने इथे बाही धरणं ही लहान गोष्ट नाही.

"कुणाच्याही दारात जाऊ नका," ते म्हणाले. "कुणाची तक्रार नाही. जोगळेकर-सान अडचणीत होते. त्यांनी मला विनंती केली की मी येऊन असं बोलावं. तुम्हाला थेट सांगितलं तर तुम्ही दुखावाल, असं ते म्हणाले." मग खाली बघत पुटपुटले, "मला तर तो ट्रेलर आतून बघायचा होता."

मी आंबे तिथेच ठेवले आणि जोगळेकरांकडे गेलो. ते अंगण झाडत होते.

"तक्रार तुमची आहे," मी म्हटलं.

त्यांनी झाडू भिंतीला लावून ठेवला. "ओनो-सान बोलले?"

"ते बोलले. परका माणूस बोलला. तुम्हाला माझ्याशी मराठीत बोलता आलं नाही?"

"तुम्ही रागावला असता."

"रागावलो असतो! चार शिव्या दिल्या असत्या, ड्रिल फेकलं असतं. मग वहिनींच्या हातचं पिठलं जेवलो असतो आणि संध्याकाळच्या गाडीने घरी गेलो असतो!"

आतून वहिनी धावत आल्या. "भाऊजी, हळू. शेजारी ऐकतात."

"ऐकू द्या. या वेळी माफीची मिठाई तुम्ही वाटा, वहिनी."

जोगळेकरांचा आवाज चढत नसे. तो आणखी खाली गेला. "ट्रेलर माझ्या नावावर आहे. तुम्ही कुठेतरी चूल पेटवणार, कुणाशी तरी भांडणार, आणि पोलीस माझ्या दारात येणार. सगळी गल्ली पडद्याआडून बघणार. मी हे पहिल्या दिवसापासून सांगत होतो."

"सांगत होता? कधी? मान डोलवून?"

"इथे असंच सांगतात."

"मी जपानी नाही. तुम्हीही नाही."

तेव्हा ते जे बोलले ते मी विसरलेलो नाही. नावापुढचं नेहमीचं आदराचं 'सान' गळून पडलं होतं. "अर्धं आयुष्य गेलं माझं, माने, इथे दिसेनासं व्हायला. कुणी वळून बघत नाही इतकं व्हायला. आणि तुम्ही ती एवढी पेटी आणून माझ्या दारात ठेवलीत."

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्या घरून उपाशी परतलो.

ट्रेलर एका तरुण जोडप्याने घेतला. जोगळेकरांनी कागदावर, इथे सहीऐवजी चालतो तो, आपला शिक्का उमटवला, मी शेजारी उभा होतो. ती मुलगी पलंगावर बसली, खिडकी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. "कुणी बनवला?" तिने विचारलं. जोगळेकर माझ्याकडे हात करणार होते. मी आधीच पाठ फिरवली. गाडीमागे डुलत तो गल्लीबाहेर गेला. आतला नळ मी बसवला होता, त्यातून पाणी भरून मी एक कप चहासुद्धा केला नव्हता.

त्यानंतर वहिनी एकट्या दुकानात येत. तूरडाळ, गोडा मसाला घेत, पैसे देऊन जात. जोगळेकरांचं नाव आम्ही दोघेही काढत नव्हतो. गेल्या हिवाळ्यात वहिनींचा फोन आला. जोगळेकर हॉस्पिटलमध्ये होते, आणि मला बोलावत होते.

मी गेलो. ते इतके लहान दिसत होते की पलंग मोठा वाटत होता. वहिनी पाणी आणायला बाहेर गेल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "राग आहे अजून?"

"आहे."

"ट्रेलर फार मनाला लावून घेतलात."

"ट्रेलर गेला तो गेला. ओनो-सानना का पाठवलंत, हे लागलंय."

त्यांनी नजर छताकडे वळवली. "तुमच्यासमोर उभं राहायला मला भीती वाटायची. ऑफिसात, शेजारी, कुठेही मी कुणाशी आवाज चढवून बोललो नव्हतो. तो सरावच गेला." मग म्हणाले, "एकदा जाऊ दे म्हणा ना, माने-सान."

वहिनी दारात पाण्याचा जग घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. गिऱ्हाइकाला खूश करायला मी रोज खोटं बोलतो. ताजं नसलेलं ताजं म्हणतो, शेवटचा भाव म्हणून सांगितलेला शेवटचा नसतो. इथे ते जमेना.

"नाही म्हणत," मी म्हटलं. "पण मी आलो ना? स्वतः आलो."

जोगळेकरांनी डोळे मिटले. नंतर माझा हात थोपटला की चादर, ते मला अजून ठरवता येत नाही.

ते वसंताआधी गेले. अंत्यविधीला सगळी गल्ली काळ्या कपड्यांत, आवाज न करता उभी होती. ओनो-सान मला वाकले, मी त्यांना वाकलो.

वहिनी आता दुकानात येत नाहीत. त्यांच्या ओळखीच्या एक बाई येतात आणि दोन पिशव्या भरून सामान नेतात, एक स्वतःची, एक वहिनींची. परवा पिशवी उचलता उचलता त्या हळूच म्हणाल्या, "राग मानू नका हं. पण शैलाताईंना तुमच्या बोलण्याचं फार वाईट वाटलंय. शेवटच्या वेळी तरी असं बोलायला नको होतं, म्हणतात."

"हे त्यांनी सांगायला सांगितलं?"

"छे, छे. मीच आपली म्हणते."

"वहिनींना म्हणावं, स्वतः या," मी म्हटलं. "माझ्या तोंडावर बोला, हव्या तेवढ्या शिव्या द्या. दुकान आठपर्यंत उघडं असतं."

बाईंनी मान डोलवली आणि गेल्या. वहिनी अजून आलेल्या नाहीत.