चुन्याच्या डबीतली गोळी

जानेफळकडचा तो भाजीवाला मला एकदाच भेटला, हृदयाच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर. मिशा एवढ्या की दोन्ही टोकांना वांग्याची पोती टांगावीत. पण गडी उठायचा तीन हप्त्यांत: भिंत धरायची, डोळे मिटायचे, मग उभं राहायचं. उठला की गरगरायचं, छाती धडधडायची.

चुन्याच्या डबीतून त्यानं गोळी दाखवली. "उदासीची हाय. देणारा डॉक्टर म्हणे, इच्यानं बीपी उतरते, हृदयवाल्याले सांगजा."

"मंग सांगा ना, भाऊ!"

"काऊन सांगू? हृदयाचं म्हटलं तर गाव पाहाले येते. डोक्याचं म्हटलं तर पोरीचं लगन मोडते. इथला कंपाउंडर सोयऱ्यातलाच हाय."

त्याचा नंबर आला; दार उघडंच राहिलं. आत डॉक्टरांनी त्याला विचारलं, "दुसरी काही गोळी?"

"नाई जी."

त्यांनी धडधडीसाठी बीपी आणखी उतरवणारी गोळी लिहून दिली. तो भिंत धरत गेला.

वाघाला बिडी पाजल्याचं चारचौघांत शपथेवर सांगणारा मी, दारात गप्प उभा होतो. मग माझा नंबर आला. खिशात माझीही तसलीच गोळी होती.

"दुसरी काही गोळी?"

"नाई जी," मी म्हटलं.