पहिलं ‘नको’

माझी सगळी नोकरी दुकानदारांचे वजनकाटे तपासण्यात गेली. घाटकोपर ते मुलुंड, एकही बाजार सोडला नाही. पारड्याखाली चिकटवलेला चुंबक मी बघता बघता काढायचो. त्यामुळे समोरचा गोड बोलायला लागला की माझा हात आजही आपोआप पारड्याखाली जातो. निवृत्त झालो, पण ही खोड काही गेली नाही.

म्हणून मुलीने सिंगापूरचं तिकीट पाठवलं, आणि तेही बिझनेस क्लासचं, तेव्हा आनंदाच्या आधी मला शंका आली. दोन वर्षांपूर्वी माझी बायको गेली. तेराव्यानंतर परत निघताना मुलीने विचारलं होतं, ‘‘बाबा, माझ्याकडे येता का राहायला?’’ मी म्हणालो, ‘‘नको, कशाला उगाच.’’ ती म्हणाली, ‘‘बरं.’’ आणि पुन्हा तो विषय तिने काढला नाही. त्या ‘बरं’चा मला राग आला होता. अजून येतो. घाटकोपरच्या दोन खोल्यांत एका कपाचा चहा टाकताना तर रोज येतो.

आता एकदम हे तिकीट. खालच्या मजल्यावरच्या मित्राला दाखवलं, तर तो खुर्चीत सरळ होऊन बसला.

‘‘बिझनेस क्लास? वाट लागली तुझी. एवढं फुकट कोण देतं रे? घराच्या कागदांवर सही मागणार बघ.’’

‘‘चल, काहीतरीच बोलतोस,’’ मी म्हणालो. पण वर आल्यावर घराचे कागद कपाटाच्या खालच्या खणातून काढून बायकोच्या साड्यांखाली सरकवले.

जेवण तिकिटातच आहे म्हटल्यावर निघायच्या दिवशी सकाळी नाश्ता केला नाही. विमानतळावर माझ्यासारख्यांसाठी, म्हणजे त्या तिकिटवाल्यांसाठी, वेगळी बैठक होती. तिथे बुरशी आलेलं चीज काचेच्या झाकणाखाली मोठ्या मानाने मांडलं होतं. मुलुंडच्या एखाद्या दुकानात हा माल सापडला असता, तर पंचनामा झाला असता. एक गृहस्थ कॉफी परत पाठवत होते, कारण म्हणे तिला फळाचा वास येत नव्हता. कॉफीला फळाचा वास आला असता तर मी परत पाठवली असती. मी कशालाच हात लावला नाही, कोपऱ्यात बॅग मांडीवर घेऊन बसून राहिलो.

विमानात खुर्चीला बारा बटणं होती. मी एकही दाबलं नाही. गरम ओला रुमाल दिला, तो वास घेऊन तसाच घडी करून ठेवला. शेजारच्या माणसाने वाइन मागवली. ती त्याने आधी उजेडात धरली, मग फिरवली, मग हुंगली, मग डोळे मिटले. प्यायला कधी ते मला कळलंच नाही. मी आपला ग्लास बघत होतो. त्यावर मापाची एकही खूण नव्हती, म्हणजे किती ओतलं याला पुरावा काय?

मग जाड कागदावर छापलेली जेवणाची यादी आली. एकेका पदार्थाचं नाव तीन तीन ओळींचं. बटाटा कुठल्या डोंगरावरचा, तेही दिलं होतं. पोटात कावळे ओरडत होते. तेवढ्यात हवाई सुंदरी वाकून म्हणाली, ‘‘सर, लंच में क्या लेंगे?’’

‘‘नहीं नहीं, रहने दीजिए,’’ मी म्हणालो.

‘‘श्योर, सर,’’ म्हणून ती गोड हसली आणि गेली.

मी तिची वाट बघत बसलो. आमच्या मालवणी घरात पहिलं ‘नको’ हे नको नसतंच. पाहुणा नको म्हणतो, यजमान ‘असं कसं?’ म्हणतो. मग पाहुणा पानावर आडवा हात धरतो, पण बोटं जरा फाकवून, म्हणजे वाढणाऱ्याला वाट राहते. माझी आई तर त्या हातावरच भात वाढायची, ‘‘खा रे, लाजतंस कित्याक?’’ म्हणत. पहिल्या नकोवर भांडं घेऊन वळणारी बाई आमच्याकडे कंजूष ठरते.

ती परत आली, पण गोड पदार्थ घेऊन. पदार्थ नवा, म्हणजे नको पुन्हा पहिलं. सवयीने तेही म्हणालो आणि तोही गेला. शेजारचा सगळं चाटूनपुसून खाऊन घोरायला लागला. साडेपाच तासांत माझ्या वाट्याला न विचारता ठेवलेले नऊ बदाम आले. आधी मला तिचाच राग आला. ही यांची युक्ती असणार, विचारायचं आणि वाचवायचं. पण कितीही शोधलं तरी पारड्याखाली काही सापडेना. मी पारड्यात जेवढं टाकलं, तेवढंच तिने मोजलं होतं. तेव्हा मला मुलीचं ते ‘बरं’ आठवलं. दोन वर्षं मी पोरीच्या काट्यात खोट शोधत होतो.

मुलीच्या घरी पोचलो. तिने पान वाढलं, वरणभात आणि तळलेली सुरमई. ‘‘विमानात नीट जेवलात ना? पाय लांब करता आले का? तुमच्या गुडघ्यांसाठी ते तिकीट काढलं.’’

‘‘नाही जेवलो,’’ मी म्हणालो आणि खाली मान घालून जेवायला लागलो.

दुसऱ्यांदा भात वाढताना, माझ्याकडे न बघता, ती म्हणाली, ‘‘बाबा, आता इकडेच राहता का?’’

कागदांची शंका आली, नाही असं नाही. ‘नको, कशाला’ तर जिभेवर तयारच होतं. मी ते घासाबरोबर गिळलं.

‘‘हो,’’ मी म्हणालो.

तिचा भाताचा डाव तसाच हवेत राहिला. तिने माझ्याकडे निरखून पाहिलं, डाव खाली ठेवला आणि माझ्या कपाळावर हात लावला.

‘‘बाबा, खरं सांगा,’’ ती म्हणाली, ‘‘डॉक्टर काय म्हणालेत?’’