काकांचा एकुलता एक ठोका

सोल्डरकाकूंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. काका त्यांना 'अगं' म्हणत, मुलगी 'आई' म्हणे, आणि बाकी सगळ्या गल्लीला त्या सोल्डरकाकू. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी रेडिओच्या कारखान्यात तांब्याची तार गुंडाळण्यात घालवली होती. लोकांना हे काम कंटाळवाणं वाटायचं. वाटू दे! काकूंच्या मते त्याच्यासारखं सुखाचं काम नाही. हात आपले आपण वेढे घालत राहतात, किती झाले ते बोटांना आपसूक कळतं, आणि मन मोकळं सुटतं. समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत बघत काकू कुठल्या कुठे जाऊन यायच्या. साहेबांनी विचारलं, "लक्ष कुठे आहे तुमचं?" तर त्या खरं तेच सांगायच्या, "इथे नाहीये." आणि तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, मात्र बिनचूक निघायची.

कारखाना बंद पडला, पण हातांची सवय सुटली नाही. घरातल्या खिडकीशी त्यांनी टेबल मांडलं, आणि लोक आपापले जुने स्पीकर त्यावर आणून टाकू लागले. कोणाचा घोगरा झालेला, कोणाचा मुका, कोणाचा नुसताच रुसलेला. काकूंची एक रीत होती. जोडीतला एकच स्पीकर आधी उघडायचा, दुसऱ्याला हात म्हणून लावायचा नाही. दुसरा साक्षीदार. "नाहीतर आपण सुधारलं की बिघडवलं, ते विचारायचं कोणाला?" असं त्या म्हणायच्या. दुपारी उन्हाची तिरीप टेबलावर यायची, कथलाने तारा जोडताना, म्हणजे सोल्डरिंग करताना, निघणारा राळेचा गोडसर धूर तिच्यातून हळूहळू वर चढायचा, आणि काकूंच्या डोळ्यांवर झापड यायची. झापडीतही त्यांचा हात कधी चुकल्याचं कोणी पाहिलेलं नाही.

काका चष्म्याच्या काचा घासायचे. दुकान विकून आता आरामखुर्चीत विसावले होते. पण त्यांचं खरं वैभव वेगळंच होतं. तरुणपणी ते शहरातल्या हौशी वाद्यवृंदात ट्रँगल वाजवायचे. ट्रँगल म्हणजे काय, तर तिकोनी वाकवलेली एक लोखंडी सळई, दोरीला टांगायची आणि बारक्या दांडीने तिच्यावर मारायचं. वाद्यवृंदात त्याच्याखाली फक्त खुर्च्या लावणारा. त्या वृंदाची आयुष्यात एकच रेकॉर्ड निघाली. तिच्यातल्या एका लांबलचक तुकड्यात व्हायोलिनवाले हात तुटेस्तोवर घासतात, तुतारीवाले गाल फाटेस्तोवर फुंकतात, आणि अगदी शेवटी काकांचा ठोका येतो. एक. बस.

त्या एका ठोक्यासाठी दर रविवारी दुपारी ती रेकॉर्ड लागायची. लग्नानंतरची कित्येक वर्षं घरात पेटीएवढा रेकॉर्ड-प्लेअर होता, त्यातून सगळा वृंद गोधडीत शिरून वाजवल्यासारखा यायचा. मग कारखाना मोडीत निघाला तेव्हा काकूंनी तिथले दोन लाकडी स्पीकर घरी आणले. तेव्हाच ते म्हातारे होते. कमरेइतके उंच, पुढे तपकिरी कापड, कोपरे घासलेले. रविवारी जेवणं आटोपली की काका त्या दोघांच्या मधोमध खुर्ची ओढायचे, काकू शेजारच्या दिवाणावर लवंडायच्या, आणि दोघं तुकडा संपेपर्यंत अर्धवट झोपेत तरंगत राहायची. शेवट जवळ आला की काका ताठ व्हायचे. ठोका पडला की म्हणायचे, "आलो." मग खुशाल घोरायला लागायचे.

एका रविवारी तुकडा संपला आणि काका 'आलो' म्हणालेच नाहीत. सुई नुसतीच खरखरत फिरत राहिली.

"गेला," ते म्हणाले.

काकू दचकून उठल्या. "कोण गेला?"

"माझा ठोका. खाल्ला तुझ्या स्पीकरांनी."

काकूंना हसू आलं, पण काकांचा चेहरा बघून ते त्यांनी गिळलं. चष्म्याच्या दुकानाचा त्यांना विसर पडला असता तरी चाललं असतं, पण हा ठोका हरवलेला त्यांना सोसणार नव्हता. काकूंना तो झापडीत कुठेतरी, मिणमिणता का होईना, ऐकू आला होता. पण स्पीकर जुने होते हेही खरंच.

स्पीकरच्या पोटात एक पट्टी असते, क्रॉसओव्हर म्हणतात तिला. ती आलेल्या आवाजाची वाटणी करते. जाडाभरडा आवाज मोठ्या कर्ण्याकडे, बारीक आवाज छोट्याकडे. त्या बारीक आवाजाच्या वाटेवर कपॅसिटर बसवलेले असतात. वर्षानुवर्षं पडून राहिले की ते आतून सुकतात, आणि मग बारीक आवाज वाटेतच अडकतो. ट्रँगलहून बारीक आवाज तो कुठला? "कपॅसिटर सुकलेत," काकूंनी निकाल दिला. काकांच्या जिवात जीव आला. "मग बदल की! बघत काय बसलीस?"

रीतीप्रमाणे एकच स्पीकर टेबलावर चढला. काकूंनी मागची फळी काढली तेव्हा आतून जुन्या लाकडाचा आणि कापसाच्या गादीचा वास आला. काका शेजारी स्टूल घेऊन बसले आणि स्क्रू एका वाटीत गोळा करू लागले. जुने कपॅसिटर मेणाच्या कागदात गुंडाळलेल्या गोळ्यांसारखे फिकट पडले होते. काकूंनी एकेकाच्या पायाशी सोल्डरिंगची तापलेली कांडी टेकवली, कथील वितळून चकाकलं, कपॅसिटर अलगद सुटला. नवीन बसवताना त्या प्रत्येक जोडाला नखाने ओढून बघत होत्या. बाहेर रस्ता दुपारच्या उन्हात निपचित पडला होता. त्या दुपारी दोघं एकमेकांशी फारसं बोललीच नाहीत, आणि किती बरं वाटलं त्यांना!

रेकॉर्ड लागली. एका बाजूला नवा, दुसऱ्या बाजूला साक्षीदार. शेवट आला, आणि नव्या स्पीकरमधून ठोका असा लख्ख आला की काकूंच्या अंगावर काटा उभा राहिला. जणू कोणी खोलीतच येऊन मारला. त्यांनी आनंदाने काकांकडे पाहिलं. काका पुढे झुकून, मान तिरकी करून, अजून वाट बघत होते.



दुकानात येणारी गिऱ्हाइकं त्यांना आठवली. चाळिशी उलटलेला प्रत्येक माणूस तक्रार करायचा की हल्ली पेपरवाले अक्षर फार बारीक छापतात. काका घरी येऊन त्यांची नक्कल करायचे आणि पोट धरून हसायचे. "एकालाही वाटत नाही गं, की आपले डोळे गेले म्हणून!"

"नाहीच आला," काका म्हणाले.

आता इथे सरळ सांगून मोकळं व्हायचं की नाही? पण काकूंच्या तोंडून निघून गेलं, "दुसराही बदलायला हवा. एकाने भागत नसतं." उभ्या जन्मात त्यांनी स्पीकरबद्दल बोललेलं हे पहिलं खोटं. त्यांनी साक्षीदारालाच टेबलावर घेतलं.

दुसराही झाला, फरक पडला नाही. मग काकूंनी तारा बदलल्या. मग रेकॉर्डची सुई. मग नवे कपॅसिटर काढून आणखी नवे घातले, त्यांच्यात काडीचाही दोष नसताना. रविवार येत होते, जात होते. मधल्या दुपारी काका स्टुलावर बसून स्क्रू गोळा करत, वृंदातल्या जुन्या गोष्टी सांगत. एक व्हायोलिनवाला वाजवता वाजवता झोपायचा म्हणे आणि तरी बेसूर व्हायचा नाही. काकू ऐकत, मान डोलावत, धुराकडे बघत. त्यांना वाटायचं, ही पट्टी कधीच पुरी होऊ नये. आणि त्याच वेळी भीतीही वाटायची, की एक दिवस बदलायला काहीच उरणार नाही.

मुलगी भेटायला आली तेव्हा रेकॉर्ड चालू होती. ती कानावर हात ठेवून स्वयंपाकघरात पळाली. "आई, काय हे! कान फाटले माझे. बाबांना ऐकू येत नाहीये, सांगून टाक ना एकदा. डॉक्टरकडे ने."

"तुला काय कळतंय त्यातलं?" काकू फणकारल्या.

"मला सगळं कळतंय. तुलाच सांगवत नाहीये."

काकूंनी ओट्यावरचं फडकं उगाचच पिळलं. "अगं, एवढ्या मोठ्या आयुष्यात त्यांचा एकच ठोका," त्या हळूच म्हणाल्या.

शेवटचा उपाय काकूंना स्वतःलाच लाजिरवाणा वाटत होता. छोट्या कर्ण्याच्या वाटेवर एक रेझिस्टर असतो, बारीक आवाज जास्त चढू नये म्हणून त्याला आवरून धरणारा. काकूंनी त्याच्यावरून सरळ तार टाकली. कारखान्यात कोणी असलं काम केलं असतं तर त्यांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं असतं. रविवारी त्यांनी काकांच्या नकळत कानात कापूस घातला आणि रेकॉर्ड लावली. व्हायोलिनं मांजरांसारखी किंचाळू लागली. तुतारीने खिडकीची काच थरथरली. काका शांत बसले होते. पण आज ते स्पीकरकडे बघतच नव्हते, काकूंकडे बघत होते. ठोका आला, आणि कापूस असूनही काकूंचे डोळे गच्च मिटले.

काकांनी उठून सुई उचलली. खोलीत इतकी शांतता पसरली की नळाचं ठिबकणं ऐकू येऊ लागलं. काकूंना हो, काकांना नाही.

"आत्ता पडला ना?" त्यांनी विचारलं.

काकूंनी कानातला कापूस काढला. लपवण्यात अर्थ नव्हता. "हो."

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. एक स्पीकर झाला तेव्हा. तुझा चेहरा काय फुलला होता!"

"मग बोलला का नाहीत? मी मेली इथे तारा जाळत बसले!"

"कसं बोलणार?" काका खुर्चीत बसले. "स्पीकर बिघडलेत तोवर मी ठीक होतो गं. आणि तू रोज दुपारी इतक्या हौसेने मला शेजारी बसवून घेत होतीस. म्हटलं, चालतंय तोवर चालू दे."

काकूंना रडू आवरेना. त्या रागावल्याही होत्या, आणि गेले कित्येक महिने उरावर ठेवलेला दगड कोणीतरी उचलून घेतल्यासारखं हलकंही वाटत होतं. काकांनी त्यांना रडू दिलं. मग म्हणाले, "ती तार काढ आधी, शेजारी भांडायला येतील. आणि नीट लाव एकदा. मला नाही ऐकायचं. तू ऐक, आणि मला सांग, कसा वाजतो."

काकूंनी तार काढली. फळ्या बसवल्या. संध्याकाळची उन्हं भिंतीवर लांब झाली होती. रेकॉर्ड लागली तशा त्या दिवाणावर बसल्या, डोळे मिटून. त्यांच्या लक्षात आलं की इतके रविवार आपण ठोका ऐकलाच नव्हता, नुसती काकांना तो ऐकू येतो का याची धाकधूक ऐकली होती. आज त्या सुरांमध्ये शिरल्या. व्हायोलिनं कुठेतरी उंचावर एकत्र झाली, तुताऱ्या त्यांना येऊन मिळाल्या, सगळे एकदम थांबले. सगळं संपलं असं वाटलं. आणि मग, त्या रिकाम्या जागेत, एकटा, स्वच्छ, तो पडला. बराच वेळ तो खोलीत रेंगाळत राहिला.

काकूंनी डोळे उघडले. "सांगू का खरं?"

"सांग."

"तुम्ही उशिरा मारलाय. सगळे थांबले, त्यानंतर."

काका हसायला लागले, खुर्ची हलेपर्यंत. "वृंद चालवणारे आमचे मास्तर त्यावरून महिनाभर बोलले नव्हते माझ्याशी. मला वृंदातून काढायला निघाले होते."

"एकच तर ठोका, आणि तोही चुकवलात?"

"चुकवला कसला! मुद्दाम थांबलो मी. लग्न ठरलं होतं आपलं, रेकॉर्ड तुझ्याकडे जाणार हे ठाऊक होतं. सगळ्यांबरोबर मारला असता, तर त्यातला मी कुठला, ते तुला कळलं असतं का?"

काकूंना गेलेले सगळे रविवार आठवले. गोधडीतून येणारा तो जुना आवाज, त्यानंतर हे सुकलेले स्पीकर, आणि दर रविवारी झोपेत डुलणाऱ्या त्या स्वतः.

"आणि हे तुम्ही मला आज सांगताय?" त्या कशाबशा म्हणाल्या.

काकांना नीट ऐकू आलं नसावं. काकूंनी जवळ जाऊन, त्यांच्या कानाशी, पुन्हा विचारलं.

"अगं," काका म्हणाले, "मला वाटलं, तुला इतकी वर्षं ऐकू येतंय."