निखाऱ्याची गड्डी

प्रज्ञावर अन्याय झाला तो मंगळवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, एका दवाखान्याच्या रक्तपेढीच्या खिडकीसमोर. ती आदिलाबादकडच्या भीमपूर मंडलात, म्हणजे तालुक्यात, एका मराठी शाळेत शिकवायची. सत्तावीस वर्षांची होती. जन्मापासून सिकलसेल अंगात घेऊन जगत होती आणि त्या सकाळी तिचं रक्त एकाएकी उतरलं होतं. आत फ्रीजमध्ये तिच्या गटाची पिशवी होती. खिडकीतल्या माणसाने तिच्या आईला सांगितलं, "पहले डोनर लाओ." सिकलसेलच्या रुग्णाकडे बदली रक्तदाता मागायचा नाही, हा सरकारचाच नियम आहे. तो मला पाठ आहे, मी तो पत्रकात छापलाय. वेळही पक्की ठाऊक आहे, कारण दहा बेचाळीसला तिच्या आईने, मी तिला मावशी म्हणते, मला केलेला पहिला फोन माझ्या मोबाईलवर अजून दिसतो... लाल अक्षरांत, न उचललेला. मी तेव्हा उटनूरला एका सभेत माइकसमोर उभी होते, फोन सायलेंटवर टाकून. भाषणाचा विषय होता सिकलसेल.

ही सुरुवात वाचून प्रज्ञा हसली असती. "अवं, हा लेख हाय का फिर्याद?" माझं प्रत्येक पत्रक छापायला जाण्याआधी तिच्या लाल पेनाखालून जायचं आणि निम्मी विशेषणं तिथेच पडायची. "एवढा राग एका पानात मावत नाई, नेताबाई. लोकाले श्वास घेऊ दे." म्हणून आज, काही आठवड्यांनी, रागाला जरा बाजूला बसवून लिहायचं ठरवलंय. पण डोळे मिटले की दवाखाना दिसतच नाही. दिसतो तो कापूस. पांढरा, खोल, आढ्यापर्यंत चढलेला... आणि त्यात कमरेपर्यंत रुतून बसलेली ती, हातात पत्ते पंख्यासारखे पसरून.

आमचं गाव पैनगंगेच्या अलीकडे. वेचणी झाली की कापूस आदिलाबादच्या बाजारात जाईपर्यंत आमच्या घरातली एक खोली त्याचीच असते. थंडी पडली की प्रज्ञाची हाडं दुखायची, आणि कापसाइतकी ऊब कुठल्या रजईत नाही, हा शोध तिनेच लावला. दर रविवारी जेवणं झाली की ती यायची, चपला काढायची आणि त्या पांढऱ्या ढिगात हळूहळू उतरायची, जणू नदीत उतरतेय. वरच्या एकुलत्या झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा यायचा. त्यात कापसाचे तंतू तरंगत राहायचे, खाली पडायचं नावच घ्यायचे नाहीत. आवाजही तिथे मऊ व्हायचे. आई दारातून ओरडायची, "पोरीहो, कापसात केसं पाडू नका, व्यापारी नाक मुरडते!" तेसुद्धा लांबच्या कोणत्या तरी गावातून आल्यासारखं वाटायचं. प्रज्ञाची आजी याच वावरात वेचायला यायची आणि ओझं या खोलीच्या उंबऱ्याबाहेर ठेवून परत जायची. आत यायची तिला मुभा नव्हती. हे आमच्या घरात कोणी बोलत नाही, प्रज्ञा बोलायची. "माही आजी भाईरच उभी राह्यली, मी तिच्या वाटचं बसून घेतो," म्हणायची आणि आणखी वीतभर खोल जायची.

दोन हिवाळ्यांपूर्वी सिद्धार्थदादाने, तिच्या थोरल्या भावाने, हैदराबादहून एक खोका आणला. तो तिथे नोकरीला आहे, महिन्या-दोन महिन्यांनी येतो. खोक्यात पत्त्यांचा खेळ होता, पण रमीसारखा एकमेकांना हरवायचा नव्हे. प्रत्येकाने अचाट शक्तीचा एकेक वीर घ्यायचा, त्याची चाळीस पत्त्यांची गड्डी स्वतः निवडून बांधायची आणि सगळ्यांनी मिळून एका खलनायकाशी लढायचं. खलनायकाचे पत्ते कोणी खेळत नाही, ते आपोआप उलटतात, दर फेरीला नवं संकट. जिंकले तर सगळे, बुडाले तर सगळे. पत्ते इंग्रजीत होते. प्रज्ञाने वहीचे कागद कापून एकेका पत्त्यावर मराठी चिठ्ठी चिकटवली. खलनायकाचं नाव तिने ठेवलं साहेब, कारण तो दर फेरीला काहीतरी मागतो आणि कारण कधीच सांगत नाही. वीरांचं आयुष्य दाखवायचे ठोकळे पहिल्याच महिन्यात कापसात हरवले. मग आम्ही सरकी वापरायला लागलो. दहा सरक्या म्हणजे धडधाकट, शून्य म्हणजे संपलं.

तिने जी बाई निवडली तिला ती निखारा म्हणायची. या निखाऱ्याची रीत अशी की तिच्यापुढच्या सरक्या जितक्या कमी, तितका तिचा घाव मोठा. दहा असताना ती नुसता चिमटा काढते, दोन उरल्या की साहेबाला आडवा करते. शहाणा माणूस अशा वीराला ढाली देईल. प्रज्ञाने एकेक ढाल उचलून बाजूला ठेवली. दोन-तीन रविवार हेच चाललं होतं... कापसावर पत्ते मांडायचे, त्यांच्याकडे बघत राहायचं, एक काढायचा, एक घालायचा, पुन्हा बघायचं. "हा कायले? यानं मी वाचीन, पन साहेबही वाचन." तो पत्ता बाहेर. शेवटी गड्डीत एकही ढाल उरली नाही, आणि निम्मे पत्ते तर असे की ते खेळायला आपल्याच सरक्या टाकाव्या लागतात.

दादा चिडला. "अशी गड्डी कोनी बांधते काय? एक वार बसला का गेली!"

"म्हनून तर तुमी दोघं आहा ना," ती म्हणाली.

तिची अर्धी ताकद तिच्या हातात होती, उरलेली आमच्या. आमच्या वीरांकडे एकेक पत्ता होता, दुसऱ्याच्या सरक्या भरून देणारा. त्याच्या चिठ्ठीवर तिने लिहिलं होतं: फुंकर. निखारा विझायला आला की आम्ही तो पत्ता तिच्या हातात द्यायचा. त्याआधी कितीही मोह झाला तरी राखून ठेवायचा. मला ते बघवायचं नाही. एकदा मी सरळ विचारलं, "घरी तेच, खेळातही तेच? काऊन असा जीव टांगून ठेवतं?" ती पत्ते पिसत होती, वरसुद्धा पाहिलं नाही. "घरी सरकी कमी झाली का समदे मले निजवते. इथं कमी झाली का माही पाळी येते."

आणि एकदा मी माती खाल्ली. माझ्या हातात एक दणदणीत घाव आला होता. तो खेळायचा तर दुसरा एक पत्ता फेकावा लागतो. साहेब अगदी टेकीला आला होता, मला वाटलं एका दणक्यात संपवते. मी फुंकर फेकली. साहेब एका सरकीने वाचला आणि पुढच्या फेरीत निखारा संपली. मग प्रज्ञाने कापसाचा गोळा माझ्या तोंडावर मारला. "लय जोरात बोलली व, नेताबाई! पन माह्यासाठी हातात काई ठेवलं नाई." तिघंही इतके हसलो की आई बघायला आली.

यंदा दिवाळीला दादा आला तो तोंड पाडूनच. कुठला तरी व्हिडिओ पाहिला होता त्याने. "आपन दोन वर्सं चुकीचं खेळून राह्यलो. आपल्या हातातला पत्ता दुसऱ्याले देताच येत नाई." चूक कशी झाली ते लगेच कळलं. नियमपुस्तक प्रज्ञाने अर्ध्यापर्यंतच मराठीत उतरवलं होतं. पुढचं आम्ही आमच्या मनाने भरलं, आणि आमच्याकडे ज्याचं निंदण मागे पडलं त्याच्या वावरात शेजारी न बोलावता विळा घेऊन जातात. फुंकर द्यायची म्हणजे हातात नेऊन द्यायची, यात विचारण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटलंच नाही. प्रज्ञाने पुस्तक मागून घेतलं, तो नियम दोनदा वाचला आणि समासात लाल पेनाने लिहिलं: "वाचले. मान्य नाही."

त्या मंगळवारच्या आधीच्या रविवारी बाहेर दुपारपर्यंत धुकं विरलं नव्हतं. दादा सुट्टीवर होता, रात्रीच्या गाडीने परत जाणार होता. प्रज्ञा स्वेटरवर शाल घेऊन आली, कापसात शिरली आणि गळ्यापर्यंत कापूस ओढून घेतला. मग आम्ही खेळलो. तिच्यापुढे दोन सरक्या उरल्या तेव्हा मी फुंकर तिच्या हातात ठेवली. "शिकली बाप्पा एकदाची," ती म्हणाली. डाव अर्धाच राहिला. पत्ते हातात तसेच धरून तिला झोप लागली, पापण्यांवर कापसाचे तंतू. आम्ही उठवलं नाही. ऊन सरकत सरकत तिच्या कपाळावरून भिंतीवर गेलं... आजही मला ती तशीच झोपलेली वाटते, आणि आम्ही तिच्या पाळीसाठी थांबलोय.

मंगळवारी दादा हैदराबादला होता. मावशीचं वजन कमी, तिचं रक्त घेईनात. ती मला फोन करत राहिली, सात वेळा. सकाळी त्यांना सोडून गेलेला ऑटोवाला दुपारी दुसरी सवारी घेऊन आला आणि मावशी अजून तिथेच उभी दिसली म्हणून थांबला. "अम्मा, मेरा लेलो," म्हणाला. नाव न सांगता रक्त देऊन निघून गेला. पिशवी लागली तेव्हा दोन वाजून गेले होते. पाचला प्रज्ञा गेली. डॉक्टर म्हणाले, सकाळी लागली असती तर... खिडकीविरुद्ध आम्ही तक्रारीची दरखास्त दिली आहे, उत्तर नाही. मिळेपर्यंत मी त्या माणसाला सोडणार नाही.

पण तिच्या लाल पेनाची शपथ, पुढचंही लिहावं लागेल. रक्तदानावर मी किती पत्रकं लिहिली याची गणती नाही, आणि त्या मंगळवारपर्यंत मी एकदाही रक्त दिलं नव्हतं. वेळ आली की देईन, असं म्हणायची. फुंकर माझ्या अंगात होती आणि मी उटनूरला जोरात बोलत होते. गेल्या सोमवारी जाऊन दिलं. दहा-बारा मिनिटं लागली, त्यातली दोन बिस्कीट खाण्यात गेली.

काल बाबा खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. "परवा गाडी येनार हाय," म्हणाले. मग माझा चेहरा बघून, "तू सांगशीन तवा बोलावतो." मी आत गेले. कापसात तिच्या बसण्याचा खळगा अजून तसाच आहे, आणि त्याच्या तळाशी निखाऱ्याची गड्डी. वरचा पत्ता फुंकर. शेजारी दोन सरक्या. मी गड्डी उचलली, खळग्याला हात लावला नाही. तो गाडीत भरला जाईल, कुठल्या तरी जिनिंगमध्ये पिंजला जाईल, आणि कोणाच्या तरी रजईत ऊब होऊन बसेल. तिला चाललं असतं.

तुम्ही हे वाचताय म्हणजे तुमच्या हातात पत्ता आहे. राखून ठेवू नका. ओळखीचं कोणी आजारी पडायची वाट बघू नका. उद्या सकाळी जवळच्या रक्तपेढीत जा आणि कोणासाठी ते न विचारता रक्त द्या. आणि तिथल्या खिडकीसमोर एखादी मावशी एकटी उभी दिसली, तर तिच्याशेजारी जाऊन उभे राहा. तिची पिशवी बाहेर येईपर्यंत हलू नका.