दारावरची डबी

माझ्या थोरल्या जावेचा जबडा ज्यानं फोडला तो माझा दीर, तिचाच नवरा. नात्यानं त्याला अहोजाहो करायला हवं, पण माझी जीभ वळत नाही. सासूबाईंना ते खटकतं. खटकू दे.

जाऊबाई कोल्ड स्टोरेजची कामं करायच्या. आत गारवा किती आहे ते बाहेर कळवायला तिथं साबणाच्या डबीएवढे, पडदा नसलेले कॉम्प्युटर बसवतात. ते बिघडले की यांना बोलावणं. एक मॅनेजर म्हणाला, ‘‘बाईमाणसाला जमेल का हे?’’ तर म्हणाल्या, ‘‘साहेब, डबीला कळत नाही मी बाई आहे ते. तुम्हीही विसरा.’’

बाहेर अशी तिखट बाई घरी मार खायची. त्यानं त्यांच्या बरगड्या मोडल्या, एकदा पाठीला तापलेली इस्त्री लावली. सासूबाई टीव्हीचा आवाज वाढवायच्या. मी मध्ये पडले की माझे केस त्याच्या मुठीत. माझा नवरा ‘‘दादा, जाऊ दे ना’’ म्हणायचा, तेही दाराबाहेरून.

शेवटी जाऊबाई निघाल्या आणि मागच्याच गल्लीत, फॅब्रिकेशनच्या शेडवरची खोली घेतली.

‘‘ताई, लांब जा की कुठंतरी,’’ मी म्हटलं.

‘‘मी का जाऊ? माझी गिऱ्हाइकं इथं आहेत. जायचं तर त्यानं जावं.’’

तो गेला नाही. भर गल्लीत उभा राहून ओरडला, ‘‘पुढच्या खेपेला जिवंत सोडणार नाही!’’ आणि वीट मारून खिडकी फोडली. पोलिसांनी मिटवून घ्या म्हणून सांगितलं. शेडमध्ये दिवसभर ग्राइंडर किंचाळतो, वर कुणी मेलं तरी खाली पत्ता लागायचा नाही. म्हणून जाऊबाईंनी दारावर आपली एक डबी बसवली. दाराला दणका बसला की तिनं वायफायवरून माझा फोन वाजवायचा, मी खालच्या वेल्डरला फोन करायचा आणि धावत सुटायचं. त्यांचा जीव या एवढ्याशा गोष्टीवर टांगलेला होता.

आणि नेमकं सॉफ्टवेअर अपडेट केल्यावर वायफाय पकडायला खोचलेलं डोंगल डबीला दिसेनासं झालं. डोंगल कसं चालवायचं हे डबीला सांगणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, नव्या सॉफ्टवेअरवर चालेना. दुसरं डोंगल आणलं. तेच नाव, तोच खोका, आत चिप भलतीच! जाऊबाईंनी बनवणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. मग त्या चिपचा ड्रायव्हर हुडकून बसवला आणि हिरवा दिवा लागला.

मग चाचण्या. मी बाहेरून दारावर वीट आपटायची. त्या आत मांडीवर लॅपटॉप घेऊन, तो वायफायवरून डबीला जोडून, तिच्यात काय चाललंय ते डोळ्यांत तेल घालून बघायच्या. दर वेळी माझा फोन वाजला. आम्ही दोघी खूश.

तो एका दुपारी आला. माझा फोन गप्प होता. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, सहज पलीकडे पाहिलं तर त्यांचं दार एका बिजागरीवर लोंबत होतं. वेल्डरला फोन करत धावले.

त्यानं त्यांना जमिनीवर पाडलं होतं आणि बुटानं तोंडावर लाथा घालत होता. त्यांचा एक हात उलटा वळला होता. दुसऱ्या हातानं त्यांनी तारा जोडायची तापलेली सोल्डरिंग गन त्याच्या पोटरीत रुतवली होती. मांस जळाल्याचा वास येत होता तरी तो थांबेना. मी टेबलफॅन उचलून त्याच्या डोक्यात घातला. त्यानं वळून माझ्या तोंडावर ठोसा हाणला, दात माझ्याच घशात गेला. मी पुन्हा घातला. फुटलं त्याचं डोकं, आणि मला बरं वाटलं. खरं तेच सांगते. तेवढ्यात वेल्डर आणि त्याची माणसं आली, त्यांनी त्याला तुडवलं, मग पोलिसांच्या ताब्यात दिलं.

इस्पितळात तारांनी जबडा बांधलेला. डाव्या हातानं त्यांनी फोनवर टाइप केलं, ‘‘डबी आण. लॅपटॉप पण.’’

त्यांनी डबीतल्या नोंदी उघडल्या. डबीनं काम चोख केलं होतं. दणका ओळखला, निरोप तयार केला. डोंगल झोपलं होतं. नव्या ड्रायव्हरात वीज वाचवायची सोय होती: काम नसलं की डोंगलनं झोपायचं. ही चिप एकदा झोपली की उठतच नव्हती. चाचणीच्या वेळी लॅपटॉप जोडलेला, बोलणं अखंड चालू, मग झोपेल कशाला?

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. डबी भिंतीवर आपटायला हात उचलला, तो त्यांनी धरला. टाइप केलं, ‘‘तिची चूक नाही. मी सारखी बघत बसले.’’ आणि तिथंच, पलंगावर, ती झोप कायमची बंद केली.

त्याला जामीन मिळाला त्याच दिवशी जाऊबाई खोलीवर परतल्या. वेल्डरनं लोखंडी दार बसवून दिलं होतं. या खेपेला त्यांनी लॅपटॉप बंद करून कपाटात ठेवला. मला घरी पाठवताना फोनवर टाइप केलं, ‘‘बराच वेळ जाऊ दे. मग ये आणि दारावर मार. आधी कळवू नकोस.’’

मी जेवून, भांडी घासून निघाले. वेल्डरकडून घण घेतला आणि जिना चढले. दारामागं ती बाई एकटी बसली आहे आणि तिच्या दारावर मी घण घालणार आहे. डोळे मिटून घातला.

माझा फोन वाजला. आतून, बांधलेल्या जबड्यातून, ओरडता न येणाऱ्या माणसाचा आवाज आला.

‘‘ताई, मी आहे! मीच आहे!’’

कडी निघायला वेळ लागला. दार उघडलं तेव्हा त्यांच्या डाव्या हातात उगारलेली कोयती होती आणि साडी ओली झाली होती. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या वाजणाऱ्या फोनकडे. कोयती हळूहळू खाली आली. गालांवरून पाणी वाहत असताना त्यांनी बोट वर केलं: अजून एकदा. आणि दार आतून लावून घेतलं.